विश्लेषण : नेमबाजीसाठी कानाच्या मापाचे इअरप्लग हवेतच का?

पॅरिस ऑलिम्पिकमधला २०२४ चा तो फोटो तुमच्याही फोनवर आला असेल. तुर्कीचा ५१ वर्षांचा युसुफ दिकेच, एक हात खिशात, डोळ्यांवर साधा चष्मा, कानांवर ते मोठे इअरमफ नाहीत, आणि गळ्यात रौप्यपदक. ‘काही न घालता जिंकला’ म्हणून त्याचे मीम जगभर फिरले. प्रत्यक्षात त्याच्या कानात छोटे इअरप्लग होते, ते फोटोत दिसत नव्हते इतकेच.

त्याच स्पर्धेत १ ऑगस्टला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवले. त्याआधी २०२२ मध्ये ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील कैरोत १० मीटर एअर रायफलचा जगज्जेता झाला होता. त्याचे वडील बाळासाहेब पाटील पालघरचे पोलीस अधीक्षक होते, त्यामुळे आमच्या जिल्ह्यातही ते नाव घराघरांत पोहोचले. तलासरी तालुक्याच्या टोकाला, गुजरातच्या हद्दीला लागून असलेल्या आमच्या झाई गावातल्या एका १३ वर्षांच्या मुलाने तेव्हापासून नेमबाजीचा ध्यास घेतला आहे. तो माझा चुलत भाऊ.

मागच्या महिन्यात त्याने मला एका जाहिरातीचा फोटो पाठवला. ‘खास तुमच्या कानाच्या मापाचे’, पूर्ण सुरक्षेची हमी, किंमत काही हजार. खाली एकच ओळ होती : ‘दादा, पप्पा पैसे द्यायला तयार आहेत. घेऊ का?’

पप्पा म्हणजे माझे काका. ते मासेमारीच्या बोटीवर इंजिन सांभाळतात. काही हजार रुपये त्यांच्यासाठी लहान रक्कम नाही. म्हणून ‘घे’ किंवा ‘नको’ असे एका शब्दात उत्तर देण्याऐवजी जरा हिशेब मांडला. मी स्वतः आठवड्याच्या सुट्टीला हौस म्हणून .२२ रायफल चालवतो आणि असे मापाचे प्लग वापरतो, त्यामुळे हे उत्तर थोडे अनुभवाचे आणि थोडे इंजिनीअरिंगच्या पुस्तकातले आहे.

एका गोळीचा आवाज नेमका किती?

डेसिबलचे गणित सरळ बेरजेचे नसते. साधे बोलणे साधारण ६० डेसिबलचे. .२२ रायफलचा बार नेमबाजाच्या कानापाशी १४० च्या आसपास पोहोचतो. आखूड नळीमुळे .२२ पिस्तुलाचा आवाज त्याहून वर जातो आणि ९ मिमी पिस्तूल १६० च्या घरात असते. ६० आणि १४० यांत फरक ८० चा दिसतो, पण हवेच्या दाबात मोजला तर तो १० हजार पट आहे.

जागतिक आरोग्य संघटना अशा क्षणिक आवाजासाठी मोठ्यांना १४० आणि मुलांना १२० डेसिबल ही कमाल पातळी धरते. म्हणजे प्रौढ माणसासाठी .२२ रायफलची एक गोळीसुद्धा सीमारेषेवर आहे. कानाला स्वतःचे संरक्षण आहे. मोठा आवाज आला की मधल्या कानातला एक इवलासा स्नायू आखडतो आणि आवाज थोडा अडवतो. पण त्याला आखडायला सेकंदाचा काही शतांश ते दहावा भाग लागतो, आणि बंदुकीचा बार काही मिलिसेकंदांत संपलेला असतो. स्नायू जागा होतो तेव्हा दाबाची लाट आतल्या शंखापर्यंत जाऊन पोहोचलेली असते. तिथे प्रत्येक कानात साधारण १५ हजार केसपेशी असतात. माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत.

नुकसान सहसा ४ हजार हर्ट्झच्या आसपास सुरू होते. त्या पट्टीत स, श, फ, थ अशा व्यंजनांची धार असते. म्हणून सुरुवातीला माणूस ‘ऐकू येत नाही’ असे म्हणत नाही, ‘लोक स्पष्ट बोलत नाहीत’ असे म्हणतो. उजव्या हाताने रायफल चालवणाऱ्याचा डावा कान आधी बिघडतो, कारण तो नळीच्या तोंडाकडे असतो आणि उजवा कान डोक्याच्या आडोशाला राहतो. माझ्या ऑडिओग्राममध्ये डावीकडे नेमका हा खड्डा आहे. एका रेंजवर पहिल्याच महिन्यात मी फोमचे प्लग नुसते कानाच्या तोंडाशी कोंबून उभा होतो, आणि शेजारच्या लेनवर कोणी तरी मोठ्या बोअरचे पिस्तूल काढले. दोन दिवस कानात शिट्टी वाजत होती. शिट्टी थांबली, खड्डा राहिला.

एअर रायफलचे गणित मात्र वेगळे आहे. तिच्यात बारूद नसते, दाबलेल्या हवेवर छर्रा सुटतो, आणि आवाज वरच्या आकड्यांपेक्षा फारच कमी असतो. दिकेचची स्पर्धाही एअर पिस्तुलाचीच होती. तिथे मोठे इअरमफ लावतात ते मुख्यतः प्रेक्षकांचा गोंगाट अडवून मन एकाग्र राहावे म्हणून. त्यामुळे तो मीम पाहून ‘बंदुकीला कानात काही लागत नाही’ असा निष्कर्ष काढणे दुहेरी चूक आहे.

‘मापाचे’ म्हणजे काय करतात?

ऑडिओलॉजिस्ट आधी दुर्बिणीने कान तपासतो. मळ असेल, पडद्याला छिद्र असेल किंवा आत बुरशी असेल तर काम तिथेच थांबायला हवे. किनारपट्टीच्या दमट हवेत, त्यात समुद्रात डुंबणाऱ्या मुलांमध्ये, पावसाळ्यात कानाची बुरशी ही काही दुर्मीळ गोष्ट नाही. सगळे ठीक असेल तर दोरा बांधलेला कापसाचा किंवा फोमचा छोटा बोळा नळीत खोलवर ठेवतात, म्हणजे साच्याचा मसाला पडद्यापर्यंत जात नाही. मग मऊ सिलिकॉन भरतात, पाचेक मिनिटांत ते घट्ट होते आणि कानाच्या नळीचा ठसा बाहेर येतो. प्रयोगशाळेत त्या ठशावरून प्लग बनतो.

कानाची नळी सरळ नसते, तिला दोन वळणे असतात. ठसा दुसऱ्या वळणापलीकडे गेलेला हवा. आखूड ठशाचा प्लग दिसायला सुंदर असतो, पण अडवतो कमी.

आणि नळी स्थिरही नसते. आता कानात करंगळी घालून तोंड उघडा-मिटा, आतली भिंत हललेली कळेल. जबड्याचा सांधा अगदी शेजारीच असतो. माझा पहिला साचा घेणाऱ्याने मला ‘शांत बसा, तोंड मिटा’ असे सांगितले होते. प्लग आले, आरशासमोर उत्तम बसले. रेंजवर गेलो, चीकपीसला गाल टेकवला, जबडा किंचित सरकला आणि डाव्या कानात फट पडली. प्रत्येक वेळी गाल टेकवला की बाहेरचे बोलणे अचानक स्पष्ट ऐकू यायचे. पैसे पाण्यात. दुसऱ्या ठिकाणी दातांत ठोकळा धरून, तोंड उघडे ठेवून साचा घेतला, तेव्हा कुठे ते जमले. त्या ऑडिओलॉजिस्टने आधी विचारले होते, ‘रायफल की पिस्तूल? कोणत्या खांद्याला?’ हा प्रश्न जो विचारत नाही त्याच्याकडे नेमबाजीचा साचा देऊ नका, असे माझे स्पष्ट मत आहे.

घरी साचा घ्यायची किटे ऑनलाइन मिळतात. त्यातला मसाला स्वतःच्या हाताने, आतला बोळा न ठेवता, कानात खोल ढकलण्याचा धोका पत्करू नये. आणि वरवर भरला तर मिळणारा प्लग फोमपेक्षा कमीच अडवतो.

पाकिटावरच्या २९ या आकड्याचे काय?

इथे बहुतेक जण फसतात. परदेशी बनावटीच्या प्लगवर ‘एनआरआर’ नावाचा आकडा असतो. चांगल्या फोमच्या प्लगवर तो २९ ते ३३ असतो. कानाच्या मापाच्या प्लगवर तो अनेकदा त्याहून कमी असतो. होय, कमी. दहा-वीस रुपयांचा फोम प्रयोगशाळेत हजारोंच्या प्लगला मागे टाकतो.

पण प्रयोगशाळेत तो तज्ज्ञ माणसाच्या देखरेखीखाली बसवलेला असतो. प्रत्यक्षात आपण तो अर्धवट कोंबतो. म्हणून अमेरिकेतील कामगार सुरक्षेच्या हिशेबात त्या आकड्यातून आधी ७ वजा करतात आणि उरलेल्याचे निम्मे धरतात. २९ चे उरतात ११. शिवाय तो आकडा सलग चालणाऱ्या आवाजावर मोजलेला असतो. बंदुकीच्या बारासाठी वेगळी चाचणी असते, ती १३२, १५० आणि १६८ डेसिबलच्या क्षणिक दाबावर घेतात. विक्रेत्याला त्या चाचणीचे आकडे मागा. नसतील तर ‘खास नेमबाजीसाठी’ या शब्दांना फारसा अर्थ नाही.

बसवण्यातली चूक किती महागात पडते याचे सर्वांत मोठे उदाहरण अमेरिकी सैन्याचे आहे. थ्रीएम कंपनीच्या दुहेरी टोकाच्या ‘कॉम्बॅट आर्म्स’ प्लगची दांडी आखूड असल्याने तो कानात नीट न बसता नकळत सैल होतो, असा आरोप करत लाखो माजी सैनिक न्यायालयात गेले. ऑगस्ट २०२३ मध्ये कंपनीने दोष मान्य न करता सुमारे ६ अब्ज डॉलर देण्याची तडजोड केली. वाद कागदावरच्या आकड्यापेक्षा काही मिलिमीटरच्या लांबीचा होता.

मग मापाच्या प्लगचा फायदा काय? सातत्य. तो रोज त्याच जागी, तसाच बसतो. फोम आज छान बसला तरी उद्या घाईत तसाच बसेल याची खात्री नाही. दुसरा फायदा आरामाचा, आणि हा किरकोळ नाही. प्लग टोचला की माणूस मधून मधून काढतो. ३० डेसिबल अडवणारा प्लग ८ तासांच्या गोंगाटात फक्त अर्धा तास काढून ठेवला तर सरासरी संरक्षण १२ डेसिबलवर येते. हा लॉगॅरिदमचा साधा हिशेब आहे, पण पहिल्यांदा वहीवर केला तेव्हा मलाही दोनदा तपासावा लागला होता.

तिसरे कारण खास रायफलवाल्यांचे. इअरमफची वाटी बटाला आपटते, गाल नीट बसत नाही, चष्म्याच्या काडीमुळे उशीत फट राहते. पिस्तूलवाल्यांना ही अडचण नाही.

इलेक्ट्रॉनिक घेतले तर?

दोन प्रकारांत लोक गोंधळतात. एकात बारीक छिद्राची गाळणी असते. हळू आवाजात हवा तिच्यातून सहज जाते, मोठ्या दाबाला अडखळते, त्यामुळे रेंज ऑफिसरचे बोलणे ऐकू येते आणि बार अडतो. दुसऱ्यात माइक आणि स्पीकर असतो, तो ठरावीक पातळीवरचा आवाज पुढे जाऊ देत नाही. दुसरा प्रकार महाग, शिकारीच्या देशांत लोकप्रिय, वापरायला खरोखर सुखाचा.

पण स्पर्धेला उतरणार असाल तर थांबा. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांनुसार खेळाडूला आवाज ग्रहण करणारे उपकरण असलेले कानसंरक्षण वापरता येत नाही. म्हणजे सरावाला इलेक्ट्रॉनिक आणि स्पर्धेला दुसरेच काही, अशी वेळ येते. जाहिरातीत हे कुणी सांगत नाही. मुलाला स्पर्धेत उतरवायचे म्हणून पालकांनी सर्वांत महागाचा पर्याय घ्यावा आणि पहिल्याच स्पर्धेत तो पंचांनी काढायला लावावा, यासारखा मनस्ताप नाही.

आणि तुमचे गाणी ऐकायचे नॉइज कॅन्सलिंग इअरबड? ते बंदुकीसाठी संरक्षण नव्हे. विमानाची घरघर कमी करणे वेगळे, १४० डेसिबलचा धक्का अडवणे वेगळे. कापसाच्या बोळ्याबद्दल तर बोलायलाच नको.

मग कोणी घ्यावेत?

माझे मत असे. १८ च्या पुढचा, आठवड्याला किमान एकदा .२२ किंवा त्याहून मोठे हत्यार चालवणारा, रायफलला गाल टेकवणारा नेमबाज असेल तर मापाचे प्लग हा चैनीचा खर्च नाही. एका आयात एअर रायफलला लाखांत पैसे मोजणारे आणि नेमबाजीच्या जॅकेटसाठी हजारो रुपये घालणारे लोक कानासाठी मित्राकडून उसने मफ मागतात, हे मी रेंजवर नेहमी पाहतो. यामागे एक कारण असावे : नेमबाजीला कान लागत नाहीत. हैदराबादचा धनुष श्रीकांत जन्मापासून ऐकू येत नसताना डेफलिम्पिक्समध्ये एअर रायफलचे सुवर्ण जिंकतो. डोळा बिघडला की गुण घसरतात आणि प्रशिक्षक विचारतो, कान बिघडला तर गुणपत्रिकेत काहीच दिसत नाही.

बंदिस्त रेंजवर किंवा मोठ्या बोअरजवळ मात्र मापाच्या प्लगवरही मफ लावावेत. दोन्ही मिळून बेरीज होत नाही, जास्त संरक्षण देणाऱ्यावर साधारण ५ डेसिबलची भर पडते, कारण त्यापुढे आवाज कवटीच्या हाडातूनच आत शिरतो. पण इथे तेवढेही मोलाचे आहेत.

वाढत्या वयाच्या मुलांना मापाचे प्लग घेऊ नयेत. कान वाढतो, साचा सैल होतो. मोठ्यांनाही वजन बरेच कमी-जास्त झाले तर फरक पडतो. तीन ते पाच वर्षांनी तपासून नवे करावेतच. साचा घेणारा ऑडिओलॉजिस्ट भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणीकृत आहे का, हे विचारण्यात संकोच नको. आमच्याकडच्या लोकांना डहाणू लोकल पकडून मुंबई गाठता येते. वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, तिथे श्रवण तपासणी होते. प्लग हाती आल्यावर ते घातलेले असताना किती अडवतात याची चाचणी मागावी. ती सोय नसेल तर निदान हे करा : प्लग घालून एकसारख्या आवाजाजवळ उभे राहा, दोन्ही तळहात कानांवर घट्ट दाबा आणि सोडा. आवाजात फारसा फरक पडला नाही तर प्लग बसला आहे. दाबल्यावर एकदम शांत झाले तर फट आहे.

फोमही शिकून घ्यावा लागतो. स्वच्छ बोटांनी बारीक वळकटी करायची, दुसरा हात डोक्यामागून घेऊन कान वर-मागे ओढायचा, प्लग आत सरकवून अर्धा मिनिट धरून ठेवायचा. समोरून पाहणाऱ्याला तो फारसा दिसता कामा नये.

भावाला काय सांगितले?

नको, असे सांगितले. तो १३ वर्षांचा आहे, एअर रायफल चालवतो, आणि त्याला आज मापाचे प्लग लागत नाहीत. शेजारच्या लेनवर बारुदी हत्यार असेल तर फोम आणि वर साधे मफ. .२२ हातात येईल तेव्हा पुन्हा बोलू.

पण हिशेब मांडताना भलतेच लक्षात आले. त्या घरात ज्याचा कान खरोखर धोक्यात आहे, तो पैसे देणारा माणूस आहे. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावे लागत असेल तर आवाज ८५ डेसिबलच्या वर गेला असे समजावे, हा ढोबळ नियम आहे. अमेरिकेतील निऑश ही संस्था ८५ ला ८ तासांची मर्यादा धरते. पुढे प्रत्येक ३ डेसिबलला वेळ निम्मी, म्हणजे १०० डेसिबलला १५ मिनिटे. भारतात कारखान्यांसाठी ८ तासांना ९० ही मर्यादा वापरली जाते. काकांच्या बोटीवर इंजिन सलग काही दिवस चालते आणि खलाशी त्याच्या जवळच झोपतात. डहाणू-तलासरीतून गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जाणाऱ्या शेकडो तरुणांचे तेच. त्यांच्यासाठी कुणी जाहिरात करत नाही. नेमबाजीचा गाळणीवाला प्लगही त्यांच्या उपयोगाचा नाही, कारण इंजिनाच्या सलग आवाजाला ती गाळणी फारशी अडवत नाही. त्यांना लागतो साधा फोम किंवा मफ, ज्याचा अख्ख्या बोटीचा हंगामभराचा खर्च त्या एका मापाच्या जोडीपेक्षा कमी येईल. अडचण एकच, तांडेलाची हाक ऐकू यायला हवी, म्हणून निदान इंजिनाशेजारी काम करताना आणि झोपताना तरी.

फोनवर काकांना हे सांगताना मला प्रत्येक वाक्य दोनदा म्हणावे लागले. ते म्हणाले, ‘अरे, तुझं नेटवर्क खराब आहे.’ नेटवर्क पूर्ण होते. शेवटी भावाने फोन घेऊन त्यांना समजावले.

भावासाठी साधे मफ आणि फोमच्या प्लगचा मोठा डबा असे पार्सल परवा झाईला पाठवले आहे. डबा बोटीसाठी आहे. ऐकण्याची चाचणी मोठ्या आवाजापासून किमान १४ तास दूर राहून करायची असते, त्यामुळे काकांची वांद्र्याची फेरी जून-जुलैच्या मासेमारी बंदीत, बोट वर ओढल्यावर ठरली आहे.